सोनखताच्या होड्या

शीर्षकावरून अंदाज आला असेल त्यांनी नाक मुरडलं तरी चालेल. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या, मग या. विषय घाणीचाच आहे. पण गेले काही महिने मी या घाणीच्या मागे लागलो आहे, आणि जे हाती आलं ते एकट्यापाशी ठेववत नाही.

सुरुवात झाली एका शब्दापासून. सोनखत. शेणाच्या खताला आपण शेणखत म्हणतो, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांना लेंडीखत. सरळसाधी नावं. आणि माणसाच्या मैल्यापासून केलेलं खत मात्र एकदम सोनखत! ज्याने कुणी हा शब्द पहिल्यांदा वापरला तो एकतर फार थट्टेखोर असावा किंवा फार शहाणा शेतकरी. मला दुसरी शक्यता जास्त पटते.

मी जालन्याचा. आमच्या गावाबद्दल 'जालना सोने का पालना' अशी जुनी म्हण आहे. कापसाचा बाजार, मोंढा, पेढ्या, पुढे बियाण्यांच्या कंपन्या आणि लोखंडाच्या मिल्स, असं त्या सोन्याचं रूप बदलत गेलं. पण गावात रोज न चुकता तयार होणारं हे दुसरं सोनं त्या हिशोबात कुणी धरलं नाही. ते गावाबाहेर कसं जायचं, कोण न्यायचं, हेही कुणी कधी लिहून ठेवलेलं दिसत नाही. म्हणून मग मी इतर शहरं काय करत होती ते वाचायला लागलो, आणि वाचता वाचता भलत्याच ठिकाणी जाऊन पोचलो. होड्यांपाशी.

अठराव्या शतकातलं एदो, म्हणजे आजचं टोकियो. वस्ती दहा लाखांच्या घरात. भुयारी गटारं नाहीत, फ्लश नाही. पण गावभर कालवे होते आणि कालव्यांतून होड्या फिरत. भोवतालच्या गावांतले शेतकरी भाजी घेऊन शहरात यायचे आणि शहराचा मैला घेऊन परत जायचे. पूर्वेकडच्या कासाई भागातल्या होड्या यासाठी प्रसिद्ध होत्या. मैल्याच्या होडीला लोक कासाईची होडीच म्हणत. सुरुवातीला भाजीच्या बदल्यात मैला असा सौदा असे. पुढे मागणी एवढी वाढली की रोख पैसे मोजावे लागू लागले.

याचे किस्से मोठे गमतीचे आहेत. भाड्याच्या चाळींत सामाईक संडास असे आणि त्यातल्या मैल्याची मालकी घरमालकाची. भाडेकरू कमी झाले की मैला कमी, म्हणून उरलेल्यांचं भाडं वाढू शके. ओसाका शहरात तर मैला घरमालकाचा आणि लघवी भाडेकरूची, अशी वाटणी होती! श्रीमंत वस्तीतल्या मालाला भाव जास्त, कारण तिथलं खाणं चांगलं. १७२४ च्या उन्हाळ्यात ओसाकाचा मैला उचलण्याचा हक्क कुणाचा यावरून गावांच्या दोन गटांत जुंपली. आपल्याकडे पाण्यावरून भांडतात तशी.

ही रीत फार उशिरापर्यंत टिकली. दुसऱ्या महायुद्धात ट्रक आणि माणसं दोन्ही कमी पडायला लागली तेव्हा १९४४ साली टोकियोच्या सेइबू रेल्वेने शहराचा मैला चक्क आगगाडीने शेतांकडे न्यायला सुरुवात केली. लोक त्या गाडीला सोनेरी गाडी म्हणायचे. म्हणजे सोनखत म्हणणारे आपण एकटेच नव्हतो.

चीनमध्येही हेच. फ्रँकलिन किंग नावाचा एक अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ १९०९ मध्ये चीन, कोरिया, जपान हिंडला. चार हजार वर्षं तीच जमीन पिकवूनही ती नापीक कशी झाली नाही, हा त्याचा प्रश्न होता. त्याचं पुस्तक १९११ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघालं. त्यात शांघायचा एक हिशोब आहे. १९०८ साली तिथल्या परदेशी वसाहतीने सकाळी घरोघरी जाऊन मैला उचलण्याचा हक्क एका चिनी कंत्राटदाराला विकला. माल ७८ हजार टन, किंमत ३१ हजार डॉलरहून जास्त. नीट वाचा. कंत्राटदाराला पैसे दिले नाहीत, त्याच्याकडून घेतले. तो माल होड्यांत भरून कालव्यांतून शेतांकडे जायचा.

आता जरा पश्चिमेकडे जाऊ. होडी तिथेही आहे, पण तिचं तोंड दुसरीकडे वळलेलं आहे.

१८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला इतकी घाण सुटली की काठावरच्या पार्लमेंटमध्ये बसणं अशक्य झालं. मग जोसेफ बॅझलगेट या इंजिनियरने लंडनखाली प्रचंड गटारं बांधली आणि सगळा मैला शहराच्या खालच्या अंगाला, पूर्वेकडे नेऊन नदीत सोडला. घाण गेली नाही, फक्त थोडी पुढे सरकली. ३ सप्टेंबर १८७८ ला प्रिन्सेस ॲलिस नावाची सहलीची बोट नेमकी त्याच भागात दुसऱ्या बोटीला धडकून बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. थोड्याच वेळापूर्वी तिथे गटाराचं पाणी सोडलं होतं. काठावर आलेल्यांच्या हकिकती वाचवत नाहीत. मग मैल्याचा गाळ नदीत न सोडता वेगळा काढायचा, बोटीत भरायचा आणि समुद्रात नेऊन टाकायचा असं ठरलं. १८८७ मध्ये पहिली बोट पाण्यावर आली. तिचं नाव 'बॅझलगेट'. हजार टन गाळ नेणारी. लंडनचे लोक या बोटींना थट्टेने 'बोव्हरिल बोटी' म्हणत. बोव्हरिल म्हणजे गोमांसाचा काळपट दाट अर्क, तेव्हाचं तिथलं लाडकं पेय. या बोटी ३१ डिसेंबर १९९८ पर्यंत चालू होत्या. युरोपात समुद्रात गाळ टाकण्यावर बंदी आली आणि शंभराहून अधिक वर्षांची ही फेरी थांबली.

ग्लासगो शहराची तऱ्हा तर आणखी न्यारी. तिथली 'शील्डहॉल' ही गाळाची बोट १९५५ मध्ये कामाला लागली. पोटात मैल्याचा गाळ आणि वर डेकवर उन्हाळ्यात सहलीला निघालेली म्हातारी माणसं! चहा पीत, क्लाइड नदीची शोभा बघत जायची. बोट समुद्रात जाऊन पोट रिकामं करायची आणि सगळे घरी परतायचे. ही बोट अजून जपून ठेवलेली आहे.

ही सगळी माहिती वाचताना माझ्या मनात राहिला तो या बोटींचा आराखडा. वरवर वाटतं, घाणच तर न्यायची, कुठलीही जुनी बोट चालेल. तसं नाही. पातळ माल हा बोटीला सगळ्यात धोक्याचा. बोट थोडी कलली की माल त्याच बाजूला धावतो, त्याच्या वजनाने बोट आणखी कलते, आणि खेळ संपतो. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. गळ्यापर्यंत भरलेला हंडा शांत असतो, अर्धा हंडा डचमळतो. म्हणून बोटीचं पोट आडव्या-उभ्या भिंती घालून कप्प्याकप्प्यांचं करतात. भरताना माणसाचा हात लागू नये म्हणून गाळ पाइपातून आत येतो. रिकामं करताना फावडी लागू नयेत म्हणून खालच्या झडपा उघडायच्या, की आपल्याच वजनाने माल निघून जातो. वरून झाकण, म्हणजे खलाशांना वास कमी आणि लाट आली तरी माल सांडत नाही. हे सगळं कुणीतरी टेबलाशी बसून, कागदावर रेघा ओढून, डोकं खाजवून ठरवलेलं आहे. मैल्यासाठी आणि मैला नेणाऱ्या माणसांसाठी.

आणि मग मला आमचं जालना आठवलं.

आमच्याकडे होडी शक्यच नव्हती. जुना जालना आणि नवा जालना यांच्या मधून कुंडलिका वाहते. वाहते म्हणजे पावसाळ्यात वाहते. लोखंडी पुलावर उभं राहून ज्यांनी मे महिन्यात खाली पाहिलंय त्यांना या नदीत होडी ही कल्पनाच विनोदी वाटेल. दख्खनच्या नद्या अशाच. चार महिने पूर, आठ महिने गोटे. गोदावरीतून बोटी वर आणायचा एक मोठा खटाटोप इंग्रजांनी करून पाहिला होता. सर आर्थर कॉटन याचं स्वप्न होतं की वऱ्हाडचा कापूस नदीतून थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा. नदीतल्या खडकांच्या रांगा ओलांडायला वर्षानुवर्षं काम चाललं, पैसा ओतला, आणि १८७१ मध्ये ते सोडून द्यावं लागलं. जिथे कापसाला होडी मिळाली नाही तिथे मैल्याला कुठून मिळणार?

होडी नव्हती, पण मैला तर रोजचा. मग तो कशातून गेला? टोपलीतून. माणसाच्या डोक्यावरून.

आमच्या जुन्या घराच्या मागे एक बोळ होता. त्या बोळात कुणाचंच पुढचं दार नव्हतं. दोन्ही बाजूंना घरांच्या पाठी आणि प्रत्येक पाठीला जमिनीलगत एक पत्र्याचं झाकण. झाकणाच्या आत टोपली. सकाळी मेहतर समाजातली एक बाई यायची, झाकण उचलायची, खरवडायची, वर राख टाकायची आणि पुढच्या घराकडे जायची. आम्हा पोरांना त्या बोळात खेळायची बंदी होती. सणाच्या दुसऱ्या दिवशी आजी उरलेल्या पोळ्या तिच्या पदरात वरून टाकायची. हाताला हात लागू नये म्हणून वरून. 'मेहतरीण आली' एवढंच तिचं नाव. दुसरं नाव घरात कुणी कधी घेतलेलं मला आठवत नाही.

मेहतर या शब्दाचा अर्थ मी खूप उशिरा शोधला. फारसीत मेहतर म्हणजे मोठा, सरदार, राजपुत्र! मुंबईत याच कामाला हलालखोर म्हणत. हलालखोर म्हणजे कष्टाचं, हक्काचं खाणारा. अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवलंय की सफाईचं काम करणाऱ्यांसाठी हे नाव अकबर बादशहाने रूढ केलं. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात 'हलालखोर कर' नावाचा कर होता, संडास साफ करण्याबद्दलचा. पाहा गंमत. खताला सोन्याचं नाव, ते उचलणाऱ्याला राजपुत्राचं नाव. शब्दांच्या बाबतीत आपण कधीच कंजूष नव्हतो.

माझ्या मनात इथे एक सोपा निष्कर्ष तयार झाला होता. जपानी शेतकऱ्याला मैल्याची किंमत कळली म्हणून त्याने होडी आणली. आपल्याला कळली नाही म्हणून आपण टोपलीवर भागवलं. पण हा निष्कर्ष टिकत नाही, आणि तो मोडतो आपल्या पुण्यातच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पुण्याची नगरपालिका मैल्यात राख मिसळून, वाळवून त्याचं खत करत होती आणि विकत होती. खडकवासल्याच्या धरणातून मुठा कालवा निघाला, ऊस वाढला आणि उसाला हे खत मानवलं. सुरुवातीला हात लावायला बिचकणारे शेतकरी पुढे ते आवडीने विकत घेऊ लागले. नगरपालिकेला उत्पन्न झालं. म्हणजे किंमत कळली होती. सोनं हे सोनं आहे हे मान्य झालं होतं. पण घरातून खताच्या खड्ड्यापर्यंतचा प्रवास कुणी करायचा हे जातीने ठरवलेलं होतं ते तसंच राहिलं. खताचे पैसे वाढले म्हणून ते उचलणाऱ्याची पायरी वर गेली नाही. वाळलेलं खत बैलगाडीत घालताना शेतकऱ्याला विटाळ होईना, ओला मैला उचलणारी बाई मात्र विटाळाचीच राहिली.

इथे ओसाकाची ती हक्कांची भांडणं पुन्हा आठवून पाहा. तिथे गावं भांडत होती कारण मैल्याचा हक्क म्हणजे संपत्ती. आपल्याकडेही हक्क होते बरं का! अमुक घरांचे संडास अमुक कुटुंबाने साफ करायचे, तो 'हक्क' बापाकडून पोराकडे, सासूकडून सुनेकडे जायचा. हे पिढीजात हक्क कसे संपवावेत हे ठरवायला १९६५ मध्ये केंद्र सरकारला प्रा. मलकानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. एकाच शब्दाचे दोन अर्थ. तिकडे हक्क म्हणजे मिळवायची वस्तू, इकडे हक्क म्हणजे सुटता न येणारा खोडा.

आता आराखड्याकडे परत येतो. टोपलीचा आराखडा कुणी केला? कुणीच नाही. बांबूची टोपली धान्यासाठी, भाजीसाठी, शेणासाठी असते. तीच उचलून मैल्याला लावली. तिच्यात कप्पे नाहीत, झाकण नाही, तळाला झडप नाही. ती गळते. पावसाळ्यात तर जास्तच गळते, आणि जे गळतं ते केसांतून, कपाळावरून, मानेवरून खाली येतं. लंडनच्या खलाशाला वास येऊ नये म्हणून ज्या काळात कुणीतरी झाकण आखत होतं, त्याच काळात आणि त्यानंतरही पाऊणशे-शंभर वर्षं इथे बाईच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर टोपली. डोकं होतं, ते फुकट होतं, म्हणून दुसरा विचार करायची गरज कुणालाच पडली नाही.

कुणालाच, हे अगदी खरं नाही. काही माणसांना पडली. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात स्वतःसाठी सफाईचं काम मागितलं. ब्राह्मण कैद्याला ते देता येत नाही म्हणून नकार मिळाला. अप्पांनी अन्न कमी केलं आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण सुरू केलं. केवढी उलटी दुनिया! एकाला ते काम सोडता येत नाही, दुसऱ्याला ते मागूनही मिळत नाही. पुढे अप्पांनी कणकवलीत गोपुरी आश्रम काढला. मैल्याला हात न लावता त्याचं खत व्हावं असा साधा, स्वस्त संडास लोकांच्या घरी पोचवणं हा त्यांचा ध्यास होता. गोपुरी संडास म्हणून तो ओळखला जातो. माझ्या मते होडीच्या आराखड्याच्या तोडीचं काम आपल्याकडे कुणी केलं असेल तर ते या माणसाने. सोनखत हवं, पण माणसाच्या डोक्यावरून नको, ही दोन्ही वाक्यं त्यांनी एकत्र म्हटली.

मुंबई राज्य सरकारनेही १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली. १९५२ मध्ये तिचा अहवाल आला. त्यानंतर १९५७ मध्ये केंद्राची मलकानी समिती. चाकगाडी द्या, झाकणाच्या बादल्या द्या, लांब दांड्याची खोरी द्या, डोक्यावरची टोपली बंद करा, असा त्या सगळ्याचा सूर. चाकगाडी! चाकाचा शोध लागून पाच हजार वर्षं झाली होती. ते चाक आमच्या मागच्या बोळापर्यंत यायला समिती लागली, आणि समितीनंतरही ते बऱ्याच ठिकाणी आलं नाही. कोरडे संडास बांधायला आणि डोक्यावरून मैला वाहायला बंदी करणारा कायदा १९९३ चा. तो अपुरा पडला म्हणून दुसरा २०१३ चा.

आमच्या बोळातली झाकणं पुढे बुजवली गेली. फ्लश आला. टोपली गेली, ही साधी गोष्ट नाही. फ्लशवर टीका करताना अनेकांना याचा विसर पडतो. त्या बाईच्या डोक्यावरून ओझं उतरवणारी कुठलीही गोष्ट मला आधी चांगली, मग बाकीचं.

पण बाकीचंही पाहायला हवंच. फ्लश म्हणजे काय? पाण्याला दिलेली हमाली. जी होडी आम्हाला कधी मिळाली नाही ती आम्ही पाण्याचीच केली. थोडा हिशोब करून पाहू. मोठ्या माणसाचा वर्षाचा मैला साधारण ५० किलो धरतात. २०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या होती सुमारे २ लाख ८५ हजार. म्हणजे सगळ्या गावाचा रोजचा मैला जेमतेम ४० टन. दहा टनी ट्रक धरले तर चार. लंडनची 'बॅझलगेट' पंचवीस दिवसांत एकदा आली असती तरी आमचं काम भागलं असतं! आता प्रत्येक माणूस दिवसाकाठी ४० लिटर पाणी संडासात ओततो असं धरा. होतात एक कोटी चौदा लाख लिटर. दहा हजार लिटरचे टँकर मोजले तर अकराशे चाळीस. चार ट्रक माल न्यायला अकराशे चाळीस टँकर पाणी. तेही जालन्यात, जिथे २०१२-१३ च्या दुष्काळात लोकांनी टँकरमागे रांगा लावल्या आणि नळाला पाणी आलं की सुट्टी घेतली.

हे पाणी येतं कुठून? जायकवाडीतून, म्हणजे गोदावरीतून, पाइपाने, पंपाने वर चढवून. आणि जातं कुठे? नाल्यांतून कुंडलिकेत. कुंडलिका जाते दुधनेला, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. नकाशावर बोट फिरवून पाहा. पैठणला घेतलेलं गोदावरीचं पाणी आमच्या संडासातून फेरी मारून नांदेडच्या वर पुन्हा गोदावरीत. मुंबईचा समुद्र तरी खारा आणि अफाट. आमच्या खाली तर माणसं आहेत, जनावरं आहेत, त्याच नदीवर तहान भागवणारी गावं आहेत. एदोचा शेतकरी होडी भरून शेताकडे नेत होता. आपण शेताकडे युरियाची पोती नेतो आणि सोनखत नदीकडे.

आणि ज्या घरांना गटार नाही त्यांच्याकडे सेप्टिक टँक. तो भरला की उपसा करणारा टँकर येतो. पाइप, पंप, बंद टाकी. पाहिलं तर ही चाकांवरची होडीच आहे, आराखडा अगदी तोच. पण जिथे टँकर शिरत नाही, किंवा टँकरचे पैसे वाचवायचे असतात, तिथे अजूनही कुणालातरी आत उतरवतात. विषारी वायूने गुदमरून माणसं मरतात, पेपरात चार ओळी येतात. नावं वाचली की समाज कळतो, बोळातलाच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली. २०२३ मध्ये ती तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली याचाच अर्थ मरणं थांबलेली नव्हती.

मी काही इंजिनियर नाही. जालन्यात होड्या चालवा असं म्हणायला मी वेडाही नाही. पण आपल्याच राज्यात वाई आणि सिन्नरसारख्या गावांनी २०१८-१९ च्या सुमारास सेप्टिक टँक भरून वाहायची वाट न पाहता साधारण तीन वर्षांनी एकदा, वेळापत्रक लावून, टँकरने उपसायची आणि तो गाळ वेगळ्या केंद्रात शुद्ध करायची पद्धत सुरू केली. म्हणजे माल कोण उचलणार, कशातून, कुठे नेणार आणि पुढे त्याचं काय होणार हे आधी बसून ठरवलं. मोठी गावं नव्हेत ही. आमच्यापेक्षा लहान. आमची नगरपालिका तर २०२३ मध्ये महानगरपालिका झाली.

एवढं वाचून माझ्यापुरतं जे उरलं ते सांगतो. मी आधी समजत होतो की मैल्याचा प्रश्न हा तिटकाऱ्याचा प्रश्न आहे. आता वाटतं, तिटकारा सगळीकडेच होता. एदोत काय कुणाला सुगंध येत होता? फरक पडला तो एवढ्याच ठिकाणी, की तिटकारा आला तेव्हा डोकं चालवलं की दुसऱ्याचं डोकं वापरलं. होडी बांधणाऱ्यांनी पहिलं केलं. आपण दुसरं, आणि ते इतकी वर्षं केलं की आराखडा म्हणून काही लागतो हेच विसरलो. मैल्याचा भाव कळला एवढ्याने यातलं काही बदलत नाही, पुण्याने ते दाखवलंच आहे.

आता भुयारी गटार योजनेचं भाषण कुठे ऐकलं, किंवा घराशी टँकर आलेला दिसला, की मी तीन गोष्टी विचारतो. भरताना कुणाचा हात लागणार? रिकामं कुठे होणार? आणि खालच्या गावाला काय पोचणार? परवा शेजारी टँकर आला होता तेव्हा चालकाला विचारलं. त्याने पाइप गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि म्हणाला, "काका, असं कुणी विचारत नाही." तेच तर.